ओठांमधली पट्टी

“तोंड मीट! माश्या जातील आत.”

दातांच्या दवाखान्यातल्या उंच खुर्चीवर बसलेल्या नातीने दचकून ओठ मिटले. क्षणभरच. पुन्हा ते उघडले आणि पुढे आलेले दोन दात दिसू लागले.

आजीचा पारा चढला. “सुट्टीत नाकामागची गाठ काढली. नाक आता मोकळं आहे म्हणतात. मग हा निव्वळ आळस नाही तर काय? आईबाप कामावर जातात. दिवसभर घसा फोडायला मी!”

“ओरडू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “गाठ गेली, तोंडाने श्वास घ्यायची सवय राहिली. ती मोडल्याशिवाय तारा लावून उपयोग नाही. आपण दात मागे घेऊ, ते पुन्हा पुढे येतील.”

त्यांनी एक पातळ लाकडी पट्टी नातीच्या ओठांत ठेवली. पट्टी पाडायची नाही, श्वास नाकाने घ्यायचा. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी पडली.

“आमच्या वेळी असले लाड नव्हते,” आजी म्हणाली. “एक चापट बसली की तोंड आपोआप मिटायचं.”

“मग तू करून दाखव ना!”

“दाखवते की! त्यात काय मोठं?”

डॉक्टरबाईंनी नवी पट्टी दिली. आजी ती ओठांत धरून ताठ बसली. नातीकडे तिने तोऱ्यात पाहिलं. मग तिच्या नाकपुड्या फुलल्या. गळ्याच्या शिरा ताणल्या. चेहरा लालबुंद झाला. पट्टी मांडीवर पडली आणि आजी तोंडाने धापा टाकू लागली.

नात हसली नाही.

“लहानपणापासून असंच?” डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

आजीचा हात तोंडावर गेला. फोटो काढताना जायचा तसा. लग्नाआधी तिला बघायला पाहुणे आले, तेव्हाही असाच गेला होता.

“जेवताना आई मारायची,” ती म्हणाली. “भावंडांच्या देखत. शाळेत मास्तर. माश्या जातील म्हणायचे, आणि सगळा वर्ग हसायचा.” तिचा आवाज चढला, पण आता रोख नातीवर नव्हता. “सगळ्यांना माझं तोंड दिसलं! नाकात एकानेही डोकावून पाहिलं नाही!”

नातीने खुर्चीवरून उतरून आजीच्या मांडीवरची पट्टी उचलली आणि तिच्या हातात दिली.

“उद्यापासून दोघी करू, आजी. पडली तर मी तुला ओरडणार नाही.”