पासष्ट इंची हसू

दुकानातल्या दोन्ही टीव्हींवर पोपट उडत होते. एकावर हिरवे, दुसऱ्यावरही हिरवेच, आणि दाखवणारा सेल्समन आकाश सांगत होता की दोन हिरव्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीताराम परबांनी मान डोलावली. पोपटांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

"हे राहू दे रे," ते म्हणाले. "दशावतार लावून दाखव."

आकाश मुलुंडमध्येच जन्मला, वाढला. हे कुठल्या चॅनेलवर लागतं, असं त्याने विचारलं. परबांची मुलगी अक्षता शेजारीच होती, तिने समजावलं. गावच्या जत्रेत देवळासमोर रात्रभर नाटक चालतं, कुणीतरी मोबाइलवर काढलेलं आहे, अर्धं अंधारातलं. तेच नीट दिसायला हवं, बाकी काही नको.

टीव्ही रत्नप्रभेसाठी घ्यायचा होता. ही परबांची बायको, झटका आल्यापासून पलंगावर नुसती पडून होती. बोलणं नाही, ओळखणं नाही, पोटात जायची ती नाकातल्या नळीतून पेज. काकू आता अशाच राहणार, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. पण मागच्या आठवड्यात परबांनी अक्षताचा मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर उभा करून त्यावर दशावतार लावला, आणि रत्नप्रभा हसली. परबांनी लगेच आपल्या मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. बिल्डिंगमध्ये दाखवला, गावी पाठवला, डॉक्टरांनाही सोडलं नाही. एवढ्याशा काचेत बघून हसली, तर मोठ्या टीव्हीवर राक्षस आल्यावर ती उठूनच बसेल, असा त्यांचा हिशेब. वेडा हिशेब खरा, पण माणसाला दुसरा सुचतच नव्हता, त्याला कोण काय करणार?

आकाशने परबांचा मोबाइल पहिल्या टीव्हीला जोडला. मृदंग वाजला, ट्यूबलाइटच्या उजेडात राक्षस तलवार परजत आला, त्याच्या मुकुटावरचं बेगडसुद्धा चमकलं. परब हरखून गेले. लहानपणी रत्नप्रभा पहाटेपर्यंत पुढच्या रांगेतून हलायची नाही, हे त्यांनी आकाशला सांगितलं, आणि त्याच भरात मोबाइलवरचा पुढचा व्हिडिओ लावला.

"ही बघ. हिच्यासाठी चाललंय सगळं."

रत्नप्रभेचा चेहरा पडदाभर आला. परब कौतुकाने पुढे सरकले आणि तसेच उभे राहिले. नळी हलू नये म्हणून नाकावरून गालापर्यंत पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती. मोबाइलवर ती कधी नजरेत भरलीच नव्हती. पट्टीने गाल वर ओढला होता, आणि गालाबरोबर ओठाचं टोक. दुसऱ्या बाजूचा ओठ होता तिथेच पडलेला. मागून अक्षताच्या मोबाइलवरचा राक्षस गरजत होता, मृदंग चढला होता, आणि रत्नप्रभेचे डोळे छताला लागलेले होते. ते जरासुद्धा हलले नाहीत.

"ह्या टीव्हीत काय मजा नाय," परब म्हणाले. "त्या दुसऱ्यावर लाव."

अक्षता म्हणाली, पप्पा, नको, चला. त्यांनी ऐकलं नाही. दुसरा टीव्ही महागातला होता, तो तरी आपल्या बाजूने बोलेल असं त्यांना वाटलं असावं. आकाशने जोडणी बदलली. तो बिचारा आपलं काम मन लावून करत होता.

"आता बघा काका. त्यात नुसता गाल दिसत होता. ह्यात पट्टीच्या सुरकुत्यासुद्धा दिसतायत."

दिसत होत्या. पट्टीखाली गोळा झालेली कातडी दिसत होती. परबांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, संपल्यावर पुन्हा लावायला सांगितला, आणि दुसऱ्यांदाही तोच चेहरा दिसला. मग त्यांनी पडद्यावरची नजर न काढता अक्षताला विचारलं.

"पट्टी तूच लावलेलीस ना?"

"हो पप्पा."

त्या सकाळी नळी सारखी सुटत होती, म्हणून तिने जरा ओढूनच लावली होती. संध्याकाळी पट्टी बदलली तेव्हा आईचा ओठ जागेवर आला आणि अक्षताला सगळं कळलं. सांगायचं म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली, तर पप्पा फोनवर गावच्या काकांना सांगत होते, हसली रे, हसली. ती तशीच आत परतली होती.

आकाशने पोपट पुन्हा सुरू केले आणि कुठला पक्का करू, असं विचारलं. दोन्ही चांगले आहेत, उद्या येऊन सांगतो, असं परब म्हणाले. अशा उद्याचा अर्थ आकाशला ठाऊक होता. त्याने रिमोट जागेवर ठेवला.

बाहेर रिक्षा मिळाली. मग परबांनी चष्मा काढून शर्टाच्या खिशात टाकला, मोबाइल हातभर लांब धरला आणि तो व्हिडिओ लावला. एरवी घरात मालवणी ते फक्त रत्नप्रभेशी बोलत.

"बघ गो," ते अक्षताला म्हणाले, "हसता मा?"

"हो पप्पा," अक्षता म्हणाली. "हसते."