आठ महिन्यांनी लाईट आली

सगळीकडची वीज गेली, मोबाईल मुके झाले, त्याला आठ महिने उलटले होते. पिंपरी पेंढारच्या शिवारात अंधार पडला की बिबटे थेट अंगणात यायचे, म्हणून मळ्यातली घरं सोडून सगळे शाळेतच राहायला आले होते. धनगराची सुंदरा आणि बौद्धवस्तीतली एकटी जानकाबाई यांच्या वाट्याला एकच चूल आली. एका गावात जन्म काढूनही दोघी एकमेकींच्या घरात कधी गेल्या नव्हत्या. आता मात्र एकीने भाकरी थापायची, दुसरीने भाजायची, हे न बोलता ठरून गेलं होतं.

आज दुपारी शाळेतला पंखा अचानक गरगरू लागला. पोरं नाचली, बायांनी डोळे पुसले. तासाभरात जो तो आपलं बिऱ्हाड उचलून निघाला. जानकाबाईही गोधडीची वळकटी बांधू लागली.

"एवढी कसली घाई, मावशे? जाईल की लाईट परत," सुंदरा म्हणाली.

"आन् न्हाई गेली तर?"

सुंदराने जानकाबाईच्या हातातली वळकटी घेतली, डोक्यावर ठेवली आणि मागं न बघता स्वतःच्या घराच्या वाटेला लागली.