भिंतीवरचे नान

बाळांनो, डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. फरगणा खोऱ्यात रेशीमगिरणीच्या कामगारांनी बांधलेलं जुनं स्टेडियम आहे, त्यातली खेळाडूंची कपडे बदलायची ही खोली. बाकांवर चिखलाचे बूट पडलेत. भिंतीवर उंचावर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला एक गोल नान टांगलेला आणि प्रत्येकाचा एक घास खाल्लेला.

दूर जाणाऱ्या खेळाडूने एक घास खायचा आणि उरलेला नान टांगून जायचं. परत आला, की स्वतःच्या हाताने उतरवून तो संपवायचा. दुसऱ्या कुणी तो उतरवून बाहेर नेला, तर गेलेल्याची परतीची वाट बंद होते, असं तिथे सगळे मानतात. सगळ्यात जुना नान युद्धावर गेलेल्या गोलरक्षकाचा. तो नान आता दगड झालाय.

त्या दिवशी स्टेडियमचे नवे संचालक हिकमत-अका काचेच्या चौकटी घेऊन आले. तिथे दादाला अका म्हणतात आणि ताईला ओपा.

"हे सगळं उतरवा. उद्या पाहुणे येतायत. इथे स्टेडियमचा इतिहास लावायचाय."

कुणी हललं नाही. कर्णधार ओदिल बुटाची नाडी बांधत होता. ती बांधलेलीच होती.

"कान गेले का सगळ्यांचे?"

"ऐकलं की," कपडे धुणाऱ्या सओदत-ओपा म्हणाल्या. "पण ठेवायचे कुठे? बुटांशेजारी?"

नान जमिनीवर किंवा बुटांपाशी तिथे कुणीच ठेवत नाही. हिकमत-अकाही त्याच गावचे.

"मग गुरांना घाला."

"घालू ना. उमिद आला, की पाठवू त्याला गोठ्यात, तुझा नान शोध म्हणून."

उमिद या संघाचा बचावपटू, रशियात बांधकामावर गेलेला. त्याची मुलगी ओयदिन दारात उभी होती. शाळा सुटली, की ती रोज बाबांचा नान बघून मगच घरी जायची.

"उमिद?" हिकमत-अका हसले. "तो कसला येतोय. तिकडे दुसरा संसार मांडला असेल त्याने."

"पोरगी उभी आहे इथे," ओदिल म्हणाला.

"मग? तिलाही कळू दे."

त्यांनी स्वतःच हात घातला. एकेक नान काढून ते डाव्या हातावर रचू लागले. एक तुकडा खाली पडला. सओदत-ओपांनी तो उचलला, कपाळाला लावला आणि खिशात टाकला. हिकमत-अकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

चळत हनुवटीपर्यंत आली.

"धर रे," ते ओदिलला म्हणाले. ओदिलने हात काखेत घातले.

"ओपा, तुम्ही?"

"माझे हात ओले आहेत," ओपा म्हणाल्या आणि कोरडे हात पुन्हा बादलीत बुडवले.

मग ते ओयदिनकडे वळले. सगळ्यात वरचा नान तिच्या बाबांचा होता.

"घे. तुझ्या बापाचा आहे ना? घरी ने."

इतक्या जवळून तिने तो कधीच पाहिला नव्हता. घासाच्या कडेला बाबांच्या पुढच्या दातांमधली फट उमटली होती. घरी नेला असता, तर रोज उशाशी ठेवता आला असता.

"घे ना, पोरी," हिकमत-अकांचा आवाज खाली आला. "हात भरून आलेत माझे."

ओयदिनने बाबांच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.