कडू बोटं

बेसबॉलचा शेवटचा डाव, दोन्हीकडे धावा सारख्या, तिन्ही बेसवर समोरच्या संघाची माणसं आणि दोघे बाद. अशा वेळी कोचने वहाबला हाक मारली.

वहाब रिलीफ पिचर होता. म्हणजे दुसऱ्याने घालून ठेवलेला घोळ निस्तरणारा. सामनाभर कुंपणाजवळच्या बाकावर बसायचं, हात गरम ठेवायचा आणि बऱ्याचदा एकही चेंडू न टाकता घरी जायचं. अडतिसाव्या वर्षी त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आज मात्र वाटत होतं. सकाळीच कोच म्हणाला होता, पुढच्या करारात तुला ठेवायचं की नाही ते आज बघू. करार झाला तर इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, टिकणार आणि दहा दिवसांपूर्वी चिपळूणला गेलेली त्याची बायको बिलकिस पोरीला घेऊन जेद्दाला परत येणार. नाही तर सगळंच खलास.

कॅचर तल्हा लाहोरचा. चेंडू द्यायला तो वहाबपर्यंत चालत आला.

"वहाब भाई, बस एक आदमी," तो म्हणाला. "और हाथ मुँह से दूर!"

ही खोड साऱ्या संघाला माहीत होती. वहाबने कोकणातल्या मैदानांवर वीस वर्षं क्रिकेटची बॉलिंग केली होती. चेंडू हातात आला की त्याची बोटं आपसूक जिभेवर जायची. बेसबॉलमध्ये ते चालत नाही. थुंकी लागलेली बोटं चेंडूला लावली की पंच पहिल्यांदा समज देतो. दुसऱ्यांदा न टाकलेला चेंडूही वाईट, म्हणजे नेम हुकलेला, धरतो; आणि असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट. बिलकिसने त्यावर उपाय काढला होता, अंगठा चोखणाऱ्या पोराला करतात तोच. वहाब सामन्याला निघाला की ती त्याच्या दोन बोटांना कारल्याचा रस चोळायची. वर म्हणायची, "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय म्हनतात. कारल्यानं जाते काय बघू."

दोन वर्षं ती खोड गेलीही होती. चिपळूणला जाताना तिने रसाची बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवली, तेव्हा वहाबला लाज वाटली होती. "मी काय तान्हा पोर हाय? जमंल मला," तो म्हणाला होता. बाटली अजून तशीच होती.

पहिला चेंडू हातात आला आणि बोटं जिभेला लागली. पंचाने चेंडू बदलला, समज दिली. वहाबने मान हलवली आणि पुढे प्रत्येक चेंडूआधी उजवा हात मांडीवर दाबून धरला. चेंडू चांगले पडू लागले. तरी कधी नेम साधला, कधी हुकला, आणि शेवटी त्याची नि बॅटरची एकेकच संधी उरली. पुढच्या चेंडूवर एक तर बॅटर बाद होणार, नाही तर तो फुकटात पहिल्या बेसवर जाणार, त्याच्या धक्क्याने तिसऱ्या बेसवरचा पुढे सरकून धाव पुरी करणार आणि सामना जाणार.

तल्हाने खूण केली. खाली वळणारा चेंडू. हा बॅटर त्याला चुकणार हे वहाबला दिसत होतं. इतकी खात्री त्याला उभ्या आयुष्यात दोन-चारदाच वाटली असेल. त्याने श्वास घेतला. सगळं लक्ष त्या चेंडूवर लागलं. इतकं लागलं की हाताकडे राहिलंच नाही.

बोटं जिभेवर गेली. कडू काही लागलं नाही.

पंचाने बॅटरला पहिल्या बेसकडे जायची खूण केली. शेवटचा चेंडू वहाबच्या हातातच राहिला आणि सामना संपला.

कपडे बदलताना कोच आला. ओरडला नाही. त्याने वहाबचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "थँक यू, वहाब." ज्याच्यामुळे सामना गेला त्याचे कोणी आभार मानले, तर काय समजायचं ते वहाबला समजलं.

तो अझीझियातल्या घरी पोचला तेव्हा मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची बांग होत होती. कपाटाच्या दाराला पोरीचा, इफराचा, शाळेचा गणवेश लटकत होता. परत यायचंच आहे म्हणून तिने तो नेला नव्हता. वहाबने गणवेशाकडे पाठ केली आणि फोन लावला. पडद्यावर आधी इफरा आली.

"पप्पा, यू वेअर सो क्लोज!"

मग बिलकिस. दोघींनी चिपळूणला मोबाइलवर सामना पाहिला होता.

"बघितलंस?" त्याने विचारलं.

"पंचाच्या आधी समजलं मला," ती म्हणाली. "बोटं तोंडात गेली नि तुमचं तोंड वाकडं झालं नाय."

 वहाब करार गेल्याचं सांगायला शब्द जुळवत होता, पण ती काही विचारत नव्हती. तिलाही ते समजलं असावं. फोन तसाच धरून तो उठला, फ्रीज उघडला, बाटली काढली. झाकण तिने इतकं घट्ट लावलं होतं की फोन ओट्यावर टेकवून ठेवून दोन्ही हात लावावे लागले. मग बाटली तिरकी करून त्याने बोटं भिजवली आणि त्या दोघींच्या देखत तोंडात घातली.

कडूजहर. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. इफरा खदखदून हसली. "अम्मी, पप्पा का फेस देखो!"

बिलकिस बघत होती. ती हसली नाही.

"किती उरलाय रस?" तिने विचारलं.

वहाबने बाटली उजेडात धरली.

"सगळा," तो म्हणाला.