बिनगुळाचा काढा

सुनेचं बाकी सगळं सासूबाई चालवून घेत; पण काढा पिताना ती तोंड वाकडं करत नाही, हे काही त्यांना खपत नव्हतं. त्यांच्या काढ्याने भल्याभल्यांना घाम फुटायचा. मुलगा तर चांगला बाप्या झाला तरी पेला बघूनच न्हाणीघरात जाऊन कडी लावायचा. तो वारला, त्याच आठवड्यात सुनेला सर्दी धरली, ती अजून छातीत बसलेली. रडून रडून झाली म्हणावं, तर रडली कुठे ती!

आज सासूबाईंनी गूळ घातलाच नाही. सुंठ, मिरी, अडुळसा आणि वर मूठभर काडेचिराईत. पाणी आटून काळं झालं तेव्हा दोन पेले गाळले. दुसरा सुनेच्या भावासाठी. तो तिला माहेरी न्यायला आला होता आणि आल्यापासून नाक ओढत होता.

सुनेने पेला तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

भावाने एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावला.

"बाप रे! काय आहे हे?"

"औषध. तुझी बहीण चहासारखं पिते."

"सर्दीने चव जाते, आई," सून म्हणाली.

"वास जातो. कडू मेल्यालाही कळतं."

सुनेने भावाचा पेला पुढे ओढला आणि उरलेला काढाही पिऊन टाकला. वाया कशाला घालवायचा, अशा हिशेबाने.

भाऊ तोंड पुसत म्हणाला, "ताई, बॅग भरायची ना? येतेस?"

"येते."

"आणि मी राहा म्हटलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"राहते."

तिने पेले विसळले, पालथे घातले आणि ओले हात तसेच धरून उभी राहिली. ती गेली की ज्याला काढा करून द्यावा, असं घरात कुणी उरणार नव्हतं. सासूबाईंनी गॅसवरचं पातेलं उगाच पुसलं.

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. "बॅग भरायची नाही. रोज हाच काढा मिळेल, बिनगुळाचा. ज्या दिवशी थुंकून टाकशील, माझ्या अंगावर का होईना, त्या दिवशी विचारीन, जायचं का राहायचं. तोवर तुझं 'हो' मी खरं धरणार नाही, आणि तुझ्या भावानेही धरायचं नाही."