कुटुंबाचा अर्ज

इराकी फौज कुवेतमध्ये घुसली तेव्हा मुनाफ एकटाच गाडी काढून सरहद्दीपार पळाला. तापानं फणफणलेली बायको अजरा आणि तान्ही लेक हिना मागेच राहिल्या. त्या कशा जगल्या, हे त्यानं पुढची चार वर्षं विचारलंही नाही. अजरानं बहरीन गाठलं, कपडे शिवून लेकीला वाढवलं.

मग कुवेतमधून पळून आलेल्यांना सरकारमार्फत भरपाई जाहीर झाली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मुनाफ मिठाईचा पुडा घेऊन बहरीनच्या गुदैबिया मोहल्ल्यातल्या तिच्या दारात उभा राहिला.

“झालं गेलं विसर, अजरा. एकट्यापेक्षा कुटुंबाला जास्त पैसे मिळतात. उद्यानंतर खलास, कोणी अर्ज घेणार नाही. इथं सही कर.”

“कुटुंबाचा अर्ज मी पहिल्याच दिवशी भरला.”

मुनाफचा चेहरा उजळला. “शाब्बास! माझं नाव घातलंस ना त्यात?”

“घातलं तर!” दाराची कडी हातात धरून अजरा शांतपणे म्हणाली, “कुवेतमध्ये मेलेल्यांत. तुमच्या नावानं विधवेची इद्दतसुद्धा पाळली मी.”