तपकिरी वायर

"किरण्या, चहा निवला रं," बायडाबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

किरणचं लक्षच नव्हतं. परंदवडीतल्या घरापुढं त्याची मोटारसायकल सीट काढून उभी होती आणि तो तिच्या पोटात डोकं घालून बसला होता. अकरा वाजता सोमाटणे फाट्यावरून त्याच्यासकट सहा मित्रांच्या गाड्या लडाखला सुटणार होत्या. कुणासाठीही थांबणार नाही, असं त्यांचा म्होरक्या विक्कीनं ग्रुपवर आधीच बजावलं होतं. सव्वादहा होऊन गेले होते.

दोष गाडीचा नव्हता, किरणच्या हुशारीचा होता. धुक्यासाठी दोन जादा दिवे आणि फोनचं चार्जर त्यानं आपल्या हातानं बसवलं होतं, तेही थेट बॅटरीवर. रात्री दिव्यांचं बटण बंद करायचं राहिलं आणि सकाळी गाडी हूं की चूं करेना. शेजाऱ्यांच्या जीपची बॅटरी जोडून ती कशीबशी चालू केली, तासभर चालू ठेवून बॅटरी भरून घेतली. पण डोंगरात, जिथं मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, तिथं असं झालं तर?

आता एकच उपाय होता. चावी काढली की दिवेही बंद झाले पाहिजेत. त्यासाठी रिले, म्हणजे इशारा मिळेल तसं आपोआप चालू-बंद होणारं बटण, आणून ठेवला होता, पण त्याला चावीचा इशारा देणारी वायर सापडत नव्हती. सीटखालच्या जुडग्यात वीसेक वायरी. फोनवरच्या एका व्हिडिओत काळी सांगत होते, दुसऱ्यात लाल. वडगावचा वायरमन फोन उचलत नव्हता. चुकीची वायर कापली तर लडाख राहू दे, फाट्यापर्यंतसुद्धा जाता येणार नव्हतं.

बायडाबाई शेजारी येऊन उकिडवी बसली. "कंची वायर पायजे तुला?"

"तुला नाही कळायचं, आई."

"सांग तर."

"चावी फिरवली की करंट येतो, काढली की जातो, अशी."

बायडाबाईनं पदराला हात पुसले, जुडगा उलटा केला आणि न बघताच बोटं आत घातली. "मंग ही तपकिरी. चावीच्या कपलरातनं निघती, मागल्या दिव्याला जाती. काळीला हात लावू नगं, तिच्यावर लय भार हाय."

किरणनं जुडग्यातून डोकं वर काढलं. आई बारा वर्षं तळेगावकडच्या, गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात जाते, हे त्याला ठाऊक होतं. सकाळी सहाची गाडी, निळा एप्रन, डबा, आठवड्याची आजची सुट्टी, सगळं ठाऊक होतं. तिथं ती करते काय, एवढंच त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं टेस्टलॅम्पची सुई तपकिरी वायरीला टेकवली. चावी फिरवली, दिवा लागला. काढली, विझला. त्याचा जीव भांड्यात पडला.

घाईघाईनं त्यानं वायर सोलली, रिलेच्या वायरीशी पिळली, वर काळी टेप गुंडाळली. बायडाबाईनं दोन बोटांनी जरा ओढलं. जोड हातात आला.

"ह्ये पैल्या खड्ड्यात सुटंल. आमी परत्येक वायर वढून बघतो. सुटली की भंगारात, आन् सुपरवायजर डोक्यावर."

"मग तूच कर," किरण म्हणाला. पहिल्यांदाच खाली मान घालून म्हणाला.

त्यानं ऑनलाइन मागवलेली, अजून पिशवीतच असलेली टर्मिनल दाबायची पक्कड तिनं घेतली. वायरीच्या टोकाला टर्मिनलची पितळी टोपी बसवायची, दाबायचं, ओढून बघायचं. दाबायचं, ओढायचं. तिच्या बोटांना ना चष्मा लागत होता ना व्हिडिओ. बॅटरीकडच्या वायरीला फ्यूज घालायला तो विसरला होता, तेही तिनंच विचारलं. जुडग्यावरच्या फिकट पांढऱ्या पट्टीवरून तिनं अंगठा फिरवला. "ह्यो शिक्का आमच्याच कारखान्याचा."

"मग ही वायर तूच बांधलीस?"

"आता ते कसं सांगावं? तीन पाळ्या, दोनशे बाया. पर बांधली आसंल आमच्यातल्याच कुनीतरी." ती हसली. "फळीवर तपासतो तवा हिरवा दिवा लागतो, आन् वायर जाती खोक्यात. पुढं गाडीत बसल्याव काय करती, त्ये आमी कदी बघितलं न्हाई."

ज्या गाडीच्या जोरावर तो गावभर मिरवत होता, ती आईसारख्याच बायांच्या बोटांवर चालत होती, आणि त्याच आईला तो "तुला नाही कळायचं" म्हणाला होता. किरणला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या घरात तशी सवय नव्हती. त्यानं सीट बसवली आणि चावी तिच्या हातात दिली.

"तू फिरव."

"मी? आन् काय झालं तर?"

"तू जोडलीस ना? काही होत नाही."

बायडाबाईनं चावी फिरवली. समोरच्या गोठ्याच्या सावलीतल्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. तिनं चावी मागं घेतली, गोल गेले. पुन्हा फिरवली. तोंडावर हात ठेवून ती भिंतीकडं बघत राहिली.

फोन वाजला. विक्की होता. "अरे कुठंयस? अकरा वाजून गेले, आम्ही निघतोय!"

किरणनं आईकडं पाहिलं. ती चौथ्यांदा चावी फिरवत होती.

"व्हा पुढं," तो म्हणाला. "मी गाठतो. माझ्या गाडीचं टेस्टिंग चाललंय अजून."